नुसतं बघायला

"देव न्हाय, दवाखाना न्हाय, लग्न न्हाय," असं म्हणत सिस्टर एकेक बोट मिटायच्या आणि मग उरलेली दोन बोटं डोळ्यांपाशी नेऊन सांगायच्या, "नुसतं बघायला जायाचं."

समोरची बाई गोंधळून विचारायची, "काय बघायला?"

"चित्रं. आन् एक बाग."

"आन् मग?"

"मग काय? माघारी यायचं."

आमचा दवाखाना सांगवीच्या भागातला, सरकारी. मी तिथं औषधं द्यायचं काम करते, रोज बारामतीहून स्कुटीने ये-जा. सिस्टर मात्र दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्येच राहायच्या. त्यांचं घर इंदापूरला, पण नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं त्यांनी याच भागात काढली होती. आसपासची दोन-तीनशे पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. सिस्टरांना नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. गावाला त्या सिस्टर, मलाही सिस्टर.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की ज्यांना आराम करायला सांगितलं तर ती आरामाचंही वेळापत्रक करतात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं, तेव्हा सिस्टरांच्या मनात आलं की इथल्या बायकांना एकदा सहलीला न्यायचं. औंधच्या टेकडीवर चित्रांचं मोठं संग्रहालय आहे, हे त्यांनी प्रशिक्षणाच्या दिवसांत एका मैत्रिणीकडून ऐकलं होतं. स्वतः कधी गेल्या नव्हत्या. तिथून साताऱ्याला जाऊन नगरपालिकेच्या बागेत दोन तास बसायचं आणि फलटणवरून परत. बेत एवढाच.

पण तो आखला त्यांनी लसीकरणाच्या मोहिमेसारखा. एक वही केली. तीत घरं, बायकांची नावं आणि पुढे तीन रकाने: 'येणार', 'नकार' आणि 'पुन्हा भेट'. दुपारी ओपीडी संपली की छत्री घेऊन निघायच्या. डोसाला नको म्हणणाऱ्या घरी जसं तीन-तीनदा जातात, तसंच इथंही.

संग्रहालयाचा फोन नंबर मी शोधून दिला. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. पायऱ्या किती? कठडा आहे का? प्यायचं पाणी कुठं? बायकांची सोय कशी आहे, दाराला आतून कडी लागते का? शेवटी पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, चित्रांबद्दल काहीतरी विचारा की."

"चित्रं काय पळून जात्यात व्हय?" सिस्टर म्हणाल्या. "बरं, विचारते. चित्रापुढं बसायला बाकडं हाय का? माझ्या बायका दिवसभर उभ्याच असत्यात. त्यांना बसून बघू दे."

एक सोपी वाट होती, ती मीच सुचवली. औंधच्या टेकडीवर देवी आहे. देवदर्शन म्हटलं की घरचे ना म्हणणार नाहीत, निम्मे नकार एका दिवसात मिटतील. सिस्टरांनी वही मिटली.

"देवीला जिला जायाचंय, तिनं जावं की. पण गाडीचं नाव देवीचं न्हाय. खोटं सांगून नेली तर बाई चोरून आल्यासारखी येती, मॅडम. सगळा वेळ घड्याळ बघती. मग चित्रं कवा बघणार?"

म्हणून मग एकेका घरी खरंच सांगून, वाद घालून, त्यांनी एकोणीस बायका जमवल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "चित्रं बघून काय मिळणार?" त्या म्हणाल्या, "तात्या, तुमी रोज पारावर बसून रस्ता बघता. काय मिळतंय?" तात्या हसले आणि सुनेचं नाव 'येणार'मध्ये गेलं.

अडलं ते सुरेखापाशी. सुरेखा चाळिशीची. सासूला, म्हणजे आक्कांना, तीन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. तेव्हापासून सुरेखा वेशीबाहेर पडली नव्हती. पण सहलीबद्दल सगळ्यांत आधी तिनेच विचारलं होतं, तेही खिडकीतून, हळू आवाजात. तिच्या नवऱ्याने आमचं नीट ऐकून घेतलं.

"सिस्टर, माझी ना न्हाय. पण मी दुधाच्या गाडीवर. आक्काचं खाणं, धुणं, कूस बदलणं कोण करणार? बाहेरच्या बाईला आक्का अंगाला हात लावू देत न्हाय."

सुरेखा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सिस्टर. पुढच्या बारीला बघू." भाकरीवरची नजर काही तिने वर केली नाही.

सिस्टरांनी वही उघडली. पेन घेऊन पहिल्या ओळीवरचं नाव खोडलं. ते त्यांचं स्वतःचं नाव होतं.

"मी बसते आक्कापाशी," त्या म्हणाल्या.

परत येताना मी भांडले. सहा महिने तुम्ही खपलात, आणि तुम्हीच नाही जायचं? दिवस बदलू. सिस्टर म्हणाल्या, "गाडी ठरली, एकोणीस घरं ठरली. आता दिवस हलवला तर निम्म्या गळत्यात. मला काय, मी कवाबी जाईन. तिला पुढची बारी न्हाय, मॅडम. पुढच्या बारीला म्हणणाऱ्या बायका मी लई बघितल्यात."

निघायच्या दिवशी सकाळी सहाला त्या मिनीबसच्या दाराशी उभ्या होत्या. उलटी कुणाला होते, ती पुढे. रक्तदाबाची गोळी कुणाची, कधी. मला एक कागद दिला. त्यावर शेवटची सूचना अशी: 'कोणी एकाच चित्रापाशी थांबली, तर ओढायची नाही.'

बस वळली तेव्हा मागच्या काचेतून मी पाहिलं. त्या आक्कांच्या घराकडे चालू लागल्या होत्या, भराभर, ड्युटीवर निघाल्यासारख्या.

संग्रहालयात पहिली दहा मिनिटं बायका भिंतीला धरून चालल्या. मग एका बाईच्या चित्रापुढे सुरेखा थांबली. बराच वेळ न्याहाळून म्हणाली, "बांगड्या बघा हिच्या. एका हातातल्या कोपराकडं सरकल्यात. ही आत्ता काम टाकून बसलीय." मग सगळ्याच जमल्या. पदर कसा पडलाय, पाठ कशी दुखत असेल, घरात अजून कोण असेल, नुसता कलकलाट. तिथला रखवालदार आधी कपाळाला आठ्या घालून आला आणि मग तोही त्या बांगड्या बघत उभा राहिला. इतकी वर्षं रोज या चित्राशेजारी बसतो, म्हणाला, पण हे दिसलं नव्हतं.

साताऱ्याच्या बागेत तर गंमतच. हिरवळ बघून एकजण म्हणाली, "कुणाच्या गुराला हे गवत?" माळी म्हणाला, कुणाच्याच नाही. "मग वाढवलंय कशापायी?" बसायला, तो म्हणाला. बायका एकमेकींकडे बघून हसल्या आणि बसल्या. जन्मभर गवत कापलेल्या त्या, दुसऱ्या कुणी पाणी घातलेल्या गवतावर पाय पसरून बसल्या. दोघी तर झोपल्याच. मी कुणाला उठवलं नाही.

दिवेलागणीला परतलो. सुरेखा जवळजवळ पळतच घरी गेली, तिच्यामागे मी. आक्का पाठीला उशी लावून बसल्या होत्या. वेणी घातलेली, अंगावर धुतलेलं लुगडं. सिस्टर खाटेच्या कडेला. मधल्या स्टुलावर कपाटातले पाहुण्यांचे कप, सोनेरी काठाचे, दोन. दोन्ही रिकामे. सुरेखा त्या कपांकडे बघतच राहिली. एकदा सासूकडे बघितलं, एकदा सिस्टरांकडे, आणि कप विसळायला आत नेले.

क्वार्टरकडे चालताना मी कपांचं विचारलं, तेव्हा सिस्टरांनी सांगितलं. त्या इथं नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. सुरेखाचं पहिलं बाळंतपण घरीच झालं, अवघडलेलं. सिस्टरांनी दोघांना वाचवलं. नंतर आक्कांनी चहा दिला, तो गोठ्याच्या कोनाड्यातला कप काढून. आमच्या लोकांसाठी ठेवलेला कप, सिस्टर म्हणाल्या. प्यायल्यावर स्वतःच विसळून पालथा घालायचा.

"मूल माझ्या हातात आलं ते चाललं. कप तेवढा निराळा."

"मग आज?"

"आज दुपारी म्हणलं, चहा करते. आत गेले, केला. कपाटातला कप काढला आन् त्यांच्यापुढं बसून प्याले. त्या बघत हुत्या. जीभ अडखळती ना आता, लई येळ लागला बोलायला. म्हणल्या, मलाबी त्याच्यातच दे."

मी म्हटलं, सिस्टर, मोठं मन तुमचं, तुम्ही माफ केलंत.

त्या रस्त्यातच थांबल्या. "माफ-बिफ काय केलं न्हाय. ते माझ्यापाशीच हाय, ऱ्हाणार. सुरेखाला जायाचं हुतं म्हणून बसले." मग लगेच नेहमीच्या आवाजात, "आता सांगा, पायऱ्यांना कठडा हुता का?"

पुढचे आठ-दहा दिवस सहलीला गेलेली जी बाई दवाखान्यात येईल तिला त्या एकेका चित्राचं वर्णन करायला लावत होत्या. बीपी बघता बघता विचारायच्या, "साडी कुठल्या रंगाची? मागं झाड हुतं का खिडकी?" दोघींचं जुळलं नाही, तर तिसरीला बोलवायच्या.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी कोल्हापूरचा बेत मांडला. नवं संग्रहालय, नवी बाग. बायकांनी तो ऐकून घेतला आणि सरळ मोडला. सुरेखाच पुढे झाली. आक्कांपाशी बसायला आता नणंद आली होती. सुरेखा म्हणाली, "कोल्हापूर ऱ्हाऊ द्या. आमचं औंध बघून झालंय, सिस्टरांचं ऱ्हायलंय." सिस्टर म्हणाल्या, एका माणसासाठी वीस जणींनी तेच परत बघायचं? पण कुणी ऐकलं नाही. वहीत एकही नकार नव्हता.

औंधला सुरेखाने सिस्टरांचा हात धरून त्यांना त्या चित्रापुढच्या बाकावर बसवलं. सिस्टर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. बाकीच्या देवीला जाऊन आल्या, तरी त्या तिथंच. मी हळूच शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "तुमी सगळ्यांनी सांगितलं, पण एक गोष्ट कुणीच सांगितली न्हाय. ही कुणाची वाट बघत न्हाय. निवांत हाय." त्या दिवशी बस तासभर उशिरा निघाली.

उन्हाळ्यात सिस्टर निवृत्त झाल्या आणि इंदापूरला भावाकडे गेल्या. वर्ष-सव्वा वर्षात आजारी पडल्या. मला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी मी एकटीच जाणार होते. सकाळी सुरेखाचा फोन आला, थांबा, आमीबी येतोय. दोन जीप करून सतरा जणी आल्या. अंगणात मांडव होता, भंतेजी यायचे होते, पुढे घरची माणसं बसली होती. पांढऱ्या साड्या कुठून कुठून मागून नेसलेल्या आमच्या बायका दाराशी घोळका करून उभ्या राहिल्या. सिस्टरांचा भाऊ उठून आला. हात जोडून त्याने विचारलं, "कुठून आलात? ताईच्या कोण लागता तुम्ही?"

नातं तर नव्हतं, पेशंट म्हणणंही बरं वाटेना.

"आमी त्यांच्या सहलीतल्या," सुरेखा म्हणाली.

त्याला ते ठाऊक असावं. त्याने मागे वळून घरच्या माणसांना सरकायला सांगितलं आणि आम्हाला पुढे नेऊन बसवलं.