हात वर करणाऱ्या पोरी

...आणि ते 'प्रशिक्षिका' खोड आधी. तुझ्या आत्याला त्या नावाने हाक मारलीस तर ती मागे वळूनसुद्धा बघायची नाही. सरळ लिही, माझी लेक पोरींना बांबूवरून उडायला शिकवते. आता बांबू नसतो, वाकणारा पोल असतो, ठाऊक आहे मला. पण मी बांबूच म्हणणार. मैदानाच्या अंकात छापायचंय ना? मग म्हातारी बोलतेय हे कळू दे की लोकांना.

तर ही लहानपणापासून अशीच. कपडे वाळत घालायची माझी काठी घ्यायची, गल्लीच्या टोकाला गटार होतं, त्यात काठी टेकवायची आणि पलीकडे! एकदा काठी मोडली आणि बाईसाहेब गटारात. मी धपाटा घालायला गेले तर म्हणते कशी, "आई, काठीच बारीक होती, माझी काय चूक?" तुझे आजोबा हसून हसून बेजार. म्हणाले, "हिला एक जाड काठी आणून दे बाई, नाहीतर घरात एक काठी शिल्लक ठेवायची नाही ही."

पुढे शिकली, उड्या मारून ढाली आणल्या, लग्न झालं, सोफ्याच्या कारखान्यात शिवणाला लागली. तिथे फोमचे तुकडे उरायचे, मालक फेकून द्यायचा. हिने ते पोत्यांनी घरी आणले, जाळीत कोंबले, वरून ताडपत्री शिवली. एवढी मोठी गादी झाली की शेजारीण विचारते, "काय हो, हत्ती येणारेत का पाहुणे?" त्या गादीवर आधी गल्लीतल्या पोरी पडायला लागल्या, मग लांबलांबच्या यायला लागल्या. कारखाना सुटला की ही जी मैदानावर जाते, ती अंधार पडल्यावरच घरी.

आता तिच्या मैदानाची रीत सांगते, नीट लिही. या खेळात आडवा दांडा असतो, त्याच्यावरून जायचं. वरून जाताना दांडा हलला आणि तो पडू नये म्हणून हाताने सावरला, तर ती उडी बाद. पण हे सगळं होतं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. खालच्या पंचाला काय दिसणार, कप्पाळ? म्हणून आत्याचा नियम असा, की जिचा हात लागला तिने गादीवर पडल्यापडल्या आपणच हात वर करायचा. कुणी विचारायच्या आधी. आणि हात वर झाला की विषय संपला, बाकीच्यांनी टोमणा मारायचा नाही. दांडा परत चढवायलाही तिनेच जायचं. ही सवय पोरींच्या अंगात इतकी मुरलीय, की एक चिमुरडी घरी दुधाचं भांडं सांडलं तरी हात वर करून उभी राहते म्हणे.

त्यातलीच आमची खार. नाव वेगळं आहे तिचं, पण झाडावर सरसर चढायची म्हणून सगळे खारच म्हणतात. बाप काचवाला, खिडक्यांना काचा बसवतो. त्याच्या गाडीवर काचा बांधायचा सांगाडा आहे ना, त्यावर आमचे लांबलचक पोल छान बसतात. म्हणून स्पर्धेला जायचं तर गाडी त्याचीच. माणूस कष्टाळू, पण नाकावर राग.

गेल्या साली मोठी स्पर्धा होती. पहिली येईल ती एकटीच देशाच्या शिबिरात जाणार, दुसरीला नुसता टिळा. खारीच्या बापाने तर तिची बॅगसुद्धा भरून ठेवली होती. मी पण गेले, कठड्याशी आत्याच्या शेजारी बसले. पलीकडे काचवाला.

एकेक पोरगी गळत गेली, शेवटी राहिल्या दोघी. आमची खार आणि दुसऱ्या गावची एक लांबडी. पाय बघितलेस तर म्हणशील, हिला पोल कशाला हवा? आधीच्या उंच्यांना लांबडीच्या उड्या कमी चुकल्या होत्या म्हणून ती पुढे होती, पण शेवटच्या उंचीवर तिच्या तिन्ही उड्या वाया गेल्या. म्हणजे खारीने ती उंची पार केली की शिबिर खारीचं. पहिली उडी फसली. दुसरीला पळाली, वर गेली, पलीकडे उतरताना छातीने दांडा हलला, थरथरला, आणि राहिला! पंचाने पांढरा झेंडा दाखवला. म्हणजे उडी बरोबर. काचवाला उभा राहून ओरडतोय, मी टाळ्या पिटतेय.

आणि आमची खार गादीवर उताणी, एक हात वर.

पंच हसून म्हणाले, "अभिनंदन, अभिनंदन!" त्यांना वाटलं पोरीला आनंद झालाय.

तुझ्या आत्याने मात्र टाळी वाजवली नाही. कठड्यावरून ओरडली, "साहेब, तिला विचारा हात का वर केलाय ते."

"अहो बाई, जिंकली ती. आनंद झालाय तिला."

"आनंद झाला की ती कोलांटी मारते. विचारा तर खरं."

विचारलं. खार म्हणाली, "दांडा पडत होता, मी बोटांनी धरला."

लाल झेंडा! काचवाल्याने कपाळाला हात लावला. "तोंडातला घास काढून घेतलात ताई! पंचाला दिसलं नव्हतं ना? मग तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?"

आत्या तिकडे न बघताच म्हणाली, "अजून एक उडी आहे भाऊ. बसा खाली, मागच्यांना दिसत नाही." आणि खारीला हाताने खूण केली, दांडा थोडा अलीकडे घ्यायला सांग.

तिसऱ्या उडीला खार धावपट्टीवर उभी राहिली, तर टाळ्यांचा ठेका धरला कोणी? त्या लांबडीने! खार पार झाली असती तर हिचंच शिबिर गेलं असतं, तरी हात दुखेपर्यंत वाजवत होती. खार उडाली, काय सुंदर उडाली. पण पोटरी लागली आणि दांडा खाली. लांबडीने धावत जाऊन तिला गादीवरून ओढून उठवलं, दोघी गळ्यात पडून रडल्या. शिबिराला लांबडी गेली.

काचवाला म्हणाला, "उद्यापासून माझी पोरगी येणार नाही. तुम्ही घडवा हरिश्चंद्र, मला खेळाडू हवाय." आणि पोरीला गाडीत घालून भुर्रकन गेला.

मी म्हटलं, "गेली गं तुझी खार."

आत्या म्हणते, "येईल. आपले पोल त्याच्या गाडीवर आहेत. ते असताना काच कुठे बांधणार तो?"

दोन दिवस ताणलं गड्याने, तिसऱ्या दिवशी आला. तोंड फुगलेलं. मी म्हटलं, "काय हो, काचेला तडा असेल तर लपवून बसवता का?"

"काच वेगळी न् पोरगी वेगळी, आजी," म्हणाला आणि दोऱ्या सोडायला लागला. गाठी त्यानेच करकचून मारलेल्या, सुटता सुटेनात. तेवढ्यात खार गाडीतून उतरली, मोकळा झालेला पोल ओढला आणि चालली धावपट्टीकडे.

"ए! कुठे निघालीस?"

"एकच उडी, बाबा."

"दांडा तेवढाच ठेवा," आत्या म्हणाली, म्हणजे त्या दिवशी राहिलेली उंची. खार पळाली, वर गेली, पलीकडे पडली. दांडा जरासा थरथरला आणि राहिला. सगळ्या पोरींची नजर तिच्या हातांकडे. खारीचे दोन्ही हात गादीवर.

काचवाल्याला राहवेना. दोरी हातात धरून तिथूनच ओरडला, "लागला का गं?"

"नाही!"

"नक्की?"

"बाबा!"

मग तो आत्याकडे वळून म्हणाला, "नाही म्हणतेय. म्हणजे नाहीच लागला." आणि काय म्हणून बसलो हे त्याचं त्यालाच कळलं बहुतेक, कारण मान खाली घालून परत गाठीशी झटायला लागला. आत्या हसली नाही हो, मी हसले. दुसऱ्या दिवसापासून पोरीला सोडायला तोच येतो. येतो आणि बाकीच्यांना शिकवतो, "हात लागला की वर करायचा, काय?" उचलली जीभ लावली टाळ्याला, जसा काही नियम त्यानेच काढलाय!

यंदाची स्पर्धा तोंडावर आलीय. शिबिरात पुन्हा एकच जाणार आणि लांबडी पुन्हा येणार. यंदा खारच जाते, लिहून ठेव. आत्याने तिला जरा टणक पोल दिलाय आणि पोरगी त्याला काडीसारखा वाकवते.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, ती लांबडी तुमच्या ओळखीतली असेल तर तिला एवढा निरोप द्या. म्हणावं, पोल नीट बांधून आण, पोटभर सराव कर, आमच्याकडे कुणाला लटकं जिंकायला आवडत नाही. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी उतरायला आमच्याचकडे ये, खारीच्या आजीने बोलावलंय. म्हणजे मीच गं. तिला काय कळतंय सख्खी की मानलेली!