फडक्यातलं आलं

साडेआठ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ती वजाबाकी होती. यंत्रकरवतीने उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अख्खं नेलं आणि मधलं अर्धं, तेव्हा कारखान्यातल्या सुतारांनी दहातून दीड वजा करून हे नाव ठेवलं. ते अंगाला इतकं चिकटलं की लग्नाची बोलणी चालली असताना सासऱ्यांनीही विचारलं होतं, "साडेआठ कधीपर्यंत येतील?" आणि कुणीतरी सांगितलं, "सव्वानऊपर्यंत." हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत, सासऱ्यांच्या खर्जातल्या आवाजासकट. सांगताना उजवा हात तेवढा खिशात असे.

अपघातानंतर त्यांनी सगळा कारभार डाव्या हातावर आणला. सही डावी, चहाचा कप डावा, दाराची कडी डावी. फर्निचरच्या दुकानात पस्तीस वर्षं पॉलिश केलं तेही डाव्या हाताने, आणि असं की गिऱ्हाईक टेबलात बघून भांग पाडून जाई.

आता ते निवृत्त झाले होते आणि बायकोने माळा आवरायला काढला होता. वर उभी राहून ती एकेक वस्तू दाखवत होती.

"अहो, हे तुमचं आलं. ठेवायचं की टाकायचं, आज सोक्षमोक्ष लावा."

फडक्यात गुंडाळलेलं ते हत्यार खरंच आल्याच्या गड्ड्यासारखं होतं. मुठीएवढं काळपट लाकूड, इथे फुगलेलं, तिथे दबलेलं, एका अंगाला कललेलं. खालच्या सपाट तळातल्या फटीतून दोन बोटं रुंद पातं डोकावत होतं. रंधा म्हणावं, तर रंध्याला असलं विचित्र अंग कुणी बघितलं नव्हतं. डाव्या मुठीत धरलं की ते तळव्यात टोचायचं आणि लाकडावरून उड्या मारत जायचं.

"अहो, बोलताय ना? ठेवू की टाकू?"

 ते हत्यार थोरल्या मिस्त्रींनी दिलं होतं, आणि का दिलं, हा काटा त्यांच्या मनात पस्तीस वर्षं रुतून बसला होता.

थोरले मिस्त्री म्हणजे त्यांचे गुरू. बोलणं असं की जणू प्रत्येक शब्दाला एक खिळा खर्च होतो, जपून वापरावा. त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. कुठल्याही हत्याराचा दांडा करायचा तर वापरणाऱ्याने भुसा आणि सरस मळलेला गोळा मुठीत दाबायचा. गोळा वाळला की त्यावर बघून दांडा कोरायचा. दांडा हातात आला की मिस्त्री विचारत, "बसला?" आणि घेणाऱ्याने म्हणायचं, "बसला." आभार वगैरे तिथे कुणी मानत नसे. तो एक शब्द म्हणजेच सगळं.

अपघातानंतर मिस्त्रींनी त्यांना सुतारकामावरून काढून पॉलिशला बसवलं. "तूर्तास," एवढंच म्हणाले. साडेआठांनी ऐकलं, "कायमचं." वर्षभर ते आतल्या आत धुमसले आणि शेवटी दुसरीकडे नोकरी धरली. निघायच्या दिवशी मिस्त्रींनी ही पुरचुंडी त्यांच्या पिशवीत टाकली आणि पाठ फिरवली. घरी येऊन उघडली तर हे. वेडंवाकडं, कुणाच्याच कामाचं नाही. साडेआठांनी त्याचा एकच अर्थ लावला होता: घे, तुझ्यासारखंच आहे. त्यानंतर ते मिस्त्रींच्या गल्लीतूनसुद्धा गेले नाहीत. मिस्त्री वारले तेव्हाही नाही.

"दोन दिवस थांब," ते बायकोला म्हणाले. "हे काय आहे ते कळू दे. थट्टा असेल तर मीच फेकतो."

पहिला प्रयत्न जावयाने केला. फोनने फोटो काढून, वस्तू ओळखणाऱ्या ॲपवर टाकून तो गंभीरपणे म्हणाला, "पप्पा, बटाटा. ब्याण्णव टक्के."

"खालून काढा."

"खालून... चप्पल म्हणतोय."

मग ते जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. दुकानदार भिंग लावून, प्रत्येक वाक्य मखमलीत ठेवल्यासारखं बोलत होता. "पातं जुनं आहे, हं. शंभर वर्षं तर आरामात. पण लाकूड, हं, लाकूड इतकं जुनं नाही. कुणीतरी जुन्या पात्याभोवती, हं, काहीतरी गंमत केलेली दिसते."

गंमत. साडेआठांना हवा होता तेवढा पुरावा मिळाला. बाहेर पडून ते कचराकुंडी शोधत निघाले. वाटेत धारवालीचं दुकान लागलं. सुऱ्या, कात्र्या, पटाश्या, सगळ्यांना धार लावणारी ही बाई गिऱ्हाइकाला वर मान करून बघतसुद्धा नसे. फेकायच्या आधी निदान पातं तिला द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. शंभर वर्षांचं लोखंड कचऱ्यात टाकायला सुताराचा हात धजेना.

"हे लाकूड फेका, पातं ठेवून घ्या," ते म्हणाले.

तिने पातं काढून उजेडात तिरकं धरलं. "कोणी लावलीय ही धार? अशी लावणारी माणसं गेली आता. आणि एकदासुद्धा नीट चाललेलं नाही हो हे. काय लोणचं घालायचं होतं?" मग लाकूड चाचपलं. तिचा अंगठा एका खळग्यात गेला, बाकीची बोटं मात्र घसरली. "हे उजव्या हाताचं आहे. तुम्ही डाव्यात धरून आणलंत."

"माझा उजवा चालत नाही."

"चालत नाही, तर खिशात काय अंडी उबवतोय?"

साडेआठांनी हात बाहेर काढला.  हत्यार तिने त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि मूठ मिटायला लावली.

अंगठा खळग्यात गेला. जिथे पहिलं बोट असायला हवं, तिथे लाकूड फुगून वर आलं होतं आणि त्याने ती मोकळी जागा गच्च भरून काढली. मधल्या बोटाचं थोटूक एका छोट्या वाटीत टेकलं. उरलेली दोन बोटं खालच्या खाचांत अशी जाऊन बसली, जणू रोज तिथेच बसतात.

तेव्हा त्यांना तो गोळा आठवला. जखम भरत होती त्या दिवसांत मिस्त्रींनी एक मऊ गोळा त्यांच्या उजव्या हातात कोंबून म्हटलं होतं, "दाब." त्यांना वाटलं होतं, डॉक्टरने सांगितलेला व्यायाम असेल. कारखान्यात रोज दुसऱ्यांचे दांडे बनताना पाहिलेल्या माणसाला स्वतःचा दांडा बनतोय हे कळलं नव्हतं.

धारवालीने पातं बसवून एक फळी पुढे सरकवली. "चालवा."

पहिली ओढ अडखळली. दुसरी सरळ गेली, आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ साल वर वळून आली.

ते तिथून थेट मिस्त्रींच्या गल्लीत गेले. मिस्त्रींच्या पत्नी, ज्यांना ते काकू म्हणत, दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. नजर अधू झाली होती.

"कोण?"

"साडेआठ."

"अगं बाई. सव्वानऊ वाजले की रे तुझे." मग खुर्ची थोडी सरकवून, "ये. उंबऱ्यात नको उभा राहू."

त्यांनी हत्यार काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपूनच ओळखलं. "तीन रविवार घेऊन बसले होते. माझ्या सासऱ्यांच्या रंध्याचं पातं काढलं याच्यासाठी. त्या रंध्याला कुणी बोट लावलेलं खपायचं नाही त्यांना. मी म्हटलं, अहो, देताना निदान सांगा तरी काय आहे. तर म्हणे, दांडा धरल्यावर कळला नाही, तर मी दांडा केलाच नाही."

"काही विचारत होते का, माझ्याबद्दल?"

"विचारतायत कसले. दार वाजलं की बघायचे फक्त."

 साडेआठ समोरच्या भिंतीवरच्या मिस्त्रींच्या फोटोकडे बघत म्हणाले, "बसला."

"मोठ्याने म्हण. शेवटी शेवटी त्यांनाही कमी ऐकू यायचं."

"बसला, मिस्त्री. नीट बसला."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि कपाटाकडे बोट दाखवलं. "ते दार फुगलंय. चार वर्षं लागत नाही. बघ जरा."

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि दोन्ही हात कामाला लावले. दार लागेपर्यंत काकूंच्या पायाशी सालींचा ढीग झाला होता. काकूंनी मग चहा आणला. साडेआठांनी सवयीने डावा हात पुढे केला, आणि मग तो मागे घेऊन उजव्याने कप धरला.