कुशाबाचा टाक

दिनांक १४ फेब्रुवारी १९३२ रोजी चांदीच्या एका टाकाबद्दल मी रुपये सात, आणे चार दिले.

महाडच्या वाचनालयामागच्या खोलीत आम्ही जुन्या वस्तूंचे छोटे संग्रहालय काढले होते. दोन काचेची कपाटे, काही तलवारी, नाणी आणि कागद. मी भाताच्या वखारीत हिशेबनीस. कॉमर्स शिकलेला म्हणून खजिनदारी व कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. चिटणीस एक वकील होते.

टाक म्हणजे देव्हाऱ्यात पूजतात तो पूर्वजाचा ठसा. यावर घोडेस्वार होता, हातात तलवार. विकणारा चांगू कुडपणचा, मुंबईत गिरणीत कामाला. वाडवडिलांपासूनचा आहे, एवढेच तो म्हणाला. वकिलांनी चिठ्ठी लिहिली : ‘शिवकालीन वीर. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा.’ पुण्याच्या पाहुण्यांनी त्याचा फोटो नेला, तो एका मासिकात छापून आला.

भाद्रपदात एक म्हातारी कुडपणहून पोलादपूरमार्गे चालत आली. नाव बनुबाई. कपाटापाशी बराच वेळ उभी राहिली, मग चिठ्ठीत काय लिहिले आहे ते मला विचारले. मी वाचून दाखवले.

“अडीचशे वर्सांचा नाय ओ,” ती म्हणाली. “माझा मालक हाय तो. कुशाबा.”

तिने सांगितले ते असे. कुशाबा १९१५ साली पलटणीत गेला आणि पुढच्या वर्षी इराकात बसऱ्याला तापाने वारला. कागद आला, प्रेत आले नाही. पहिल्या पेन्शनीतून तिने पोलादपूरच्या सोनाराकडून टाक करवला. मेलेला शिपाई होता, म्हणून सोनाराने वीराचा साचा वापरला. मूल नव्हते. दिराचा पोरका मुलगा चांगू तिनेच नाचणीवर वाढवला. देव्हाऱ्यातून टाक नाहीसा झाला तेव्हा, राखेने देव घासताना आपल्याच हातून गेला असे समजून तिने सात महिने उकिरडा चाळला. चांगू गणपतीला आला आणि त्याने कबूल केले.

घोड्याच्या मागच्या पायाला सोनाराची हातोडी दोनदा बसली आहे, आणि पाठीच्या पोकळीत भरायची लाख कमी पडली म्हणून तिथे मेण भरले आहे, असे ती म्हणाली. मी कपाट उघडले. टाक उलटा केला. दोन्ही खुणा होत्या.

तिला तो पितृपक्षाआधी घरी न्यायचा होता. मी वकिलांना बोलावले. त्यांनी खुणा पाहिल्या आणि टाक पुन्हा आत ठेवला. ते रागावले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, फोटो छापून गेला आहे; आता हा सोळा वर्षांचा निघाला तर दोन्ही कपाटांतल्या उरलेल्या वस्तूंवर कोण विश्वास ठेवील?

मी तिला नवा टाक करून देण्याची तयारी दाखवली, चांदी माझ्या पदरची. माझ्या दृष्टीने वस्तूच्या बदली वस्तू झाली. तिने नकारार्थी मान हलवली.

“एका मानसाचे दोन टाक व्हत नायत, दादा. जुना पान्यात सोडल्याबिगर नवा घडवत नाय. तुमी ह्यो सोडू देता का?”

वकिलांनी नाही म्हटले. मी कपाटाला कुलूप लावले. किल्ली माझ्या हातात होती.

ती काचेजवळ गेली आणि टाकाशी बोलली, शेजारणीशी बोलावे तशा आवाजात. “बसऱ्यावरनं एवढं आलात, न् म्हाडात अडकलात. तिथं निदान सरकारची पलटन तरी व्हती.”

कार्यकारी मंडळाच्या सभेत हा विषय आला. ‘वस्तू संग्रहातून बाहेर जाऊ नये’ असा ठराव झाला. विरोधी मत एकही नव्हते. इतिवृत्त मी लिहिले आहे.

मार्गशीर्षात ती पुन्हा आली. खोकत होती. त्या महिन्यापासून आम्ही माणशी एक आणा, म्हणजे चार पैसे, प्रवेशफी सुरू केली होती. तिच्या कनवटीला दोनच पैसे निघाले. मी ते घेतले आणि पावती फाडली. नियम मीच सुचवला होता. बाकीचे ह्यांना न्यायला येईन तवा देते, असे ती म्हणाली. दिवस मावळेपर्यंत ती कपाटासमोर जमिनीवर बसली. कुंकू लावू का, असे तिने एकदाच विचारले. काचेवर लाव, असे मी सांगितले. तिने लावले नाही.

फाल्गुनात चांगूचे कार्ड आले. बनुबाई वारली होती. तिचा टाक करून देव्हाऱ्यात बसवला, शेजारची जागा रिकामी ठेवली आहे, काकाला आता तरी द्यावे, असे त्याने लिहिले होते. कार्ड मी वकिलांपुढे ठेवले. त्यांनी ठरावाचा क्रमांक घालून उत्तर द्यायला सांगितले, ते मी दिले.

चिठ्ठी अजून तीच आहे. येत्या चैत्रात मी वखारीतून निवृत्त होईन आणि किल्ल्याही परत करीन. वह्या तपासून ठेवल्या आहेत. प्रवेशफीच्या वहीत बनुबाई, राहणार कुडपण, यांजकडून दोन पैसे येणे आहे.