अण्णांचं फोल्डर

या ग्रुपवर मी आजवर फक्त भांडायला आले आहे, हे जुन्या मंडळींना ठाऊक असेल. कुणी घाटात दिसलेल्या बाईचा अनुभव टाकला की खाली 'झोप पूर्ण घेत जा' अशी कमेंट करणारी ती मीच. भूतखेत, करणी, नजर लागणं... माझा कशावरही काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, ते विचारू नका, मलाच नीट सांगता येत नाही. जे झालं ते लिहिते. मग तुम्हीही खाली हवं ते लिहा, मी तोंड उघडणार नाही.

मी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहते. पूल ओलांडला की अष्टमीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे, खाली मेडिकल आणि वर मी. मुलांना टायपिंग, एक्सेल शिकवते आणि लोकांचे अडकलेले लॅपटॉप मोकळे करून देते. 'मॅडम, जागा संपली म्हणून दाखवतोय' हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा ऐकते की त्यावरच माझं घर चालतं म्हणा ना. तेव्हा डिलीट, बॅकअप, रिसायकल बिन यातलं मला कळत नाही, असं कृपया कुणी समजू नये.

माहेर पेणचं. पेण म्हटल्यावर पुढचं सांगायला नको — घराच्या मागे गणपतीचा कारखाना. आई नाही. धाकटा भाऊ नितीन आता सगळा धंदा बघतो. आणि वडील, म्हणजे अण्णा, डोळ्यांची आखणी करतात. साचा, घासकाम, रंग हे सगळं कामाला येणारी माणसं करतात, पण डोळे मात्र अण्णांचेच. आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका टेकला की मूर्ती बघायला लागते, असं अण्णा म्हणायचे. मी नव्हे.

अण्णांची एक रीत होती. ते मूर्तीच्या बरोबर समोर कधी बसत नसत. जरा तिरके बसायचे, आणि ठिपका टेकवला रे टेकवला की दोन्ही हातांनी खांदे धरल्यासारखी मूर्ती उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. "पैली नजर कोणावर पडू द्यायची नाय. ओले डोळे हायत. सुकले की फिरवायचा, मग खुशाल बघा." आम्ही लहान होतो तेव्हा कारखान्यात भिंतीकडे तोंड करून बसलेले गणपती बघून हसायचो. शाळेत शिक्षा झाल्यासारखे दिसायचे.

मागच्या काही सीझनपासून अण्णांचा हात किंचित थरथरायला लागला. काम बिघडत नव्हतं, पण वेळ लागायचा. एका रविवारी मी पेणला गेले होते तेव्हा नितीन म्हणाला, "ताई, यांचं शूटिंग करून ठेव. नीट, जवळून. उद्या हे गेले तर आपण काय आंधळे गणपती विकायचे?"

अण्णा तिथेच ब्रश धूत होते. त्यांनी ब्रश धुतला, पुसला आणि डब्यात उभा करून ठेवला. मी नितीनवर डोळे वटारले, तर म्हणाला, "खोटं बोललो का काय?"

तर शूटिंग सुरू झालं. आधी मी मोबाईल बाजूला लावला. त्यात अण्णांचं कोपर सोडून काहीच दिसेना. नितीनने स्टँड उचलून मूर्तीच्या समोर ठेवला. अण्णा म्हणाले, "समोर नको." नितीन म्हणाला, "समोर माणूस कुठाय? यंत्र हाय ते." अण्णांनी मोबाईलकडे जरा वेळ बघितलं आणि ब्रश उचलला. त्यानंतर दर सीझनला, जाईन त्या रविवारी मी शूटिंग करत गेले. मोबाईल भरला की व्हिडिओ लॅपटॉपवर टाकायचे. फोल्डरला नाव दिलं 'अण्णा'.

यंदा आषाढात लॅपटॉपने मान टाकली. सी ड्राइव्हची पट्टी लाल. मुलांच्या फाइल सेव्ह होईनात, एक्सेल उघडायला लागलं की अख्खा लॅपटॉप गपगार. मग मी दुसऱ्यांना सांगते ते सगळं स्वतः केलं... टेम्पररी फाइल काढल्या, डाउनलोड साफ केलं, व्हॉट्सअ‍ॅपचे गुड मॉर्निंग, नवऱ्याचे सिनेमे, सगळ्यावर झाडू मारला. चार दिवस बरे गेले आणि पट्टी पुन्हा लाल. शेवटी बाहेरून लावायची एक मोठी हार्ड डिस्क मागवली. सगळ्यात जास्त जागा कोणी अडवली आहे बघितलं तर 'अण्णा'.

आता गंमत बघा, तरी मी अण्णांना फोन करून विचारलं. वडिलांचं फोल्डर म्हटल्यावर हात धजेना. म्हटलं, "अण्णा, व्हिडिओ लॅपटॉपमधून काढून दुसरीकडे ठेवते. चालेल ना?"

"गेल्या सालचे गणपती ना ते?"

"हो. त्याच्याआधीचेपण."

"अगो, त्यांची विसर्जनं झाली. विसर्जन झालेलं घरात कशाला ठेवतेस? काढून टाक."

मी शिकवते त्याच क्रमाने केलं. आधी हार्ड डिस्कवर कॉपी, मग कॉपी उघडून बघणं, मगच डिलीट. एकेक व्हिडिओ उघडला, शेवटपर्यंत पळवून बघितला. सगळे ठीक चालत होते. पांढरा ठिपका टेकतोय, मूर्ती कॅमेऱ्यात बघतेय, मग अण्णांचे दोन हात येतात आणि तिला भिंतीकडे फिरवतात. डोळे उघडे होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण याच मुद्द्यावर तुम्ही मला धरणार आहात. माझ्या डोळ्यांनी बघितलं, सगळ्यांचे डोळे उघडे होते.

भर दुपारी, मुलं समोर टकटक टायपिंग करत असताना, मी 'अण्णा' फोल्डर निवडलं आणि शिफ्ट दाबून डिलीट केलं. पट्टी लालची निळी झाली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खालून चहा मागवला. चहा यायच्या आत नितीनचा फोन आला.

"ताई, म्हातारं कामातनं गेलं. ये लगेच."

मला वाटलं अण्णा गेले. क्लास तसाच सोडून एसटी पकडली. नागोठणं, गडब... हायवेचा तो रस्ता संपता संपेना, आणि मी खिडकीला तोंड लावून रडत होते. पेणला पोचले तर अण्णा कारखान्यात स्टुलावर बसलेले, हातात ब्रश. जिवंत, धडधाकट. मी नितीनला एक ठेवूनच देणार होते. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघतेस? भिंतीकडं बघ."

त्याने भिंतीकडची एक मूर्ती फिरवली. मग दुसरी. मग रांगच्या रांग.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. अर्धवट, बिघडलेले वगैरे नाहीत, रेघ अगदी सुंदर होती, अण्णांची असते तशी. फक्त पापणी खाली आलेली, आणि बुबुळाच्या जागी सपाट रंग. झोपलेल्या बाळाचे असावेत तसे डोळे. सकाळी केलेल्या मूर्तींचे डोळे उघडे होते. दुपारपासूनच्या सगळ्या अशा.

मी म्हटलं, "अण्णा, हे काय केलंत?"

"काय केला?"

"डोळे मिटलेत."

अण्णांनी मूर्तीकडे बघितलं. "उघडेच हायत की गो," ते म्हणाले. "बघतायत ना माझ्याकडं."

आणि तेव्हा माझं त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. पंख्याचा वारा तोंडावर होता, घासकामाची पांढरी धूळ हवेत होती, आणि अण्णांची पापणी लवत नव्हती. मी बघत राहिले. एकदाही नाही. डोळे लाल झालेले, पाणी गालावरून ओघळत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी हाताने पापण्या मिटून बघितल्या. बोट काढलं की पुन्हा उघड्या.

डॉक्टर झाले. पेणचे झाले, पनवेलला मोठ्या हॉस्पिटलात झाले. नसेचा त्रास असेल म्हणाले, स्कॅन केला, नस ठीक निघाली. नजर उत्तम. डोळ्यांत घालायला थेंब दिले, झोपताना पापण्यांवर चिकटपट्टी लावायला सांगितली. पट्टी लावली की थोड्या वेळाने सुटते. माणूस झोपेशिवाय किती दिवस काढेल? अण्णा काढत होते. डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत पडून राहायचे.

इकडे सीझन तोंडावर आलेला. नितीनने दुसऱ्या गावचा एक आखणीवाला आणला. बिचारा कामाचा माणूस, त्याचा दोष नाही. त्याच्या हातून डोळे उघडे येत होते. नितीनने त्याला अण्णांच्या मूर्ती दिल्या, आधी डोळ्यांवर पांढरा रंग मारायचा आणि वरून नवी आखणी. हे सगळं अण्णांच्या समोर, त्यांच्याच जागेवर. मी म्हटलं, "निदान त्यांना आत तरी ने रे." तर म्हणाला, "का? बघू दे की. शिकतील." आणि हसला. असा माणूस माझ्या पाठचा आहे.

दुसऱ्या कुणी मान फिरवली असती, डोळे मिटले असते. अण्णांनी आयुष्यभर आखलेली रेघ पांढऱ्या रंगाखाली जाताना, एकेका मूर्तीची, त्यांनी पूर्ण बघितली. त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं. त्या दिवशी मी माझ्या भावाचा जितका तिरस्कार केला तितका आयुष्यात कुणाचा केला नाही, आणि तरी मी तिथून उठून तो पांढऱ्या रंगाचा डबा हिसकावला नाही.

मला एकच सुचलं. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क घेऊन पेणला गेले. विचार असा की अण्णांना त्यांचेच जुने व्हिडिओ दाखवावेत, हात आठवेल. डिस्क लावली, फाइल जिथल्या तिथे होत्या. साइझ तीच, तारखा त्याच. पहिला व्हिडिओ लावला. अण्णांचा हात आला, पापणीची रेघ आली, बुबुळ... बुबुळ आलंच नाही. ब्रश हवेत फिरतोय, टेकतोय, पण खाली काही उमटत नाही. शेवटचा ठिपका टेकला आणि मूर्तीचे डोळे मिटलेले. मग दोन हात आले आणि तिला भिंतीकडे फिरवून गेले.

सगळे व्हिडिओ बघितले. सगळ्यांत तेच. मी ज्या कॉपी उघडून, तपासून ठेवल्या होत्या त्याच या. लॅपटॉपवर परत टाकून बघितल्या. डिलीट केलेलं परत आणायची सॉफ्टवेअर चालवली. दोन दिवस तेच करत बसले, एकही उघडा डोळा परत आला नाही.

अण्णा माझ्या शेजारी बसून सगळं बघत होते. न रागावता, आपण मुलांना समजावतो तसं, लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाले, "पैली नजर तुझ्या डब्यात गेली व्हती गो. भिंतीला लागायची ती सगली त्या डब्यात. आता डबा रिकामा झाला."

"मग ती कुठं गेली, अण्णा?"

"जाईल कुठं... ज्यानं उघडली त्याच्याकडं."

मी म्हटलं, "असं काही नसतं." हे मी म्हटलं, आणि त्यांनी मान हलवली, माझ्या समाधानासाठी.

गणपती झाले, मूर्ती सगळ्या गेल्या. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. नितीन खुश आहे, पुढच्या वर्षीही त्याच माणसाला सांगून ठेवलंय. माझ्या लॅपटॉपमध्ये आता भरपूर जागा आहे. ती हार्ड डिस्क मी कपाटात ठेवली आहे. फेकायची हिंमत होत नाही, आणि लावून बघायचीही नाही.

तुम्ही म्हणाल स्ट्रेस, म्हणाल अण्णांना काही मेंदूचं झालं असेल. असेल. पण फाइल? त्यांना काय झालं? मी दुसऱ्यांच्या मशीनचं दुखणं पाच मिनिटांत सांगते आणि या एका गोष्टीपुढे माझी अक्कल चालत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर खरंच सांगा, चेष्टा केलीत तरी वाचेन.

अण्णा आता आतल्या खोलीत असतात. काही दिवसांनी ते स्वतःच नितीनला म्हणाले, मला भिंतीकडं कर. नितीनने दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले आणि फिरवून ठेवलं, मूर्ती फिरवतात तसं. तेव्हापासून ते तसेच बसतात, तोंड भिंतीकडे. दर रविवारी मी रोह्याहून जाते, मागे उभी राहून विचारते, "अण्णा, फिरवू का?"

ते बोटाने डोळ्याखालचं पाणी चाचपतात, बोट भिंतीला पुसतात आणि म्हणतात, "नको गो. अजून ओले हायत."