शेवटचा भाग

पडद्यावरची नावं संपून दिवे लागले, तरी कोणी उठेना. पुढच्या रांगेत जादूगाराचा झगा घातलेली एक मुलगी रडत होती. "अगं, पुस्तकं आहेत ना घरी," म्हणता म्हणता तिची मैत्रीणही डोळे पुसू लागली. शेजारी माझी लेक बसली होती. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी परदेशी जाते आहे.

मला या सिनेमांची गोष्ट कधीच नीट कळली नाही. लहानपणी ती प्रत्येक भागात माझ्या कानाशी लागून कोण चांगला, कोण वाईट ते सांगायची. "बाबा, झोपलात ना?" असं मधूनच दरडावायची.

हा शेवटचा भाग, हे या मुलांना आधीच माहीत होतं. म्हणून ती रडायच्या तयारीने आली. लेकीने माझ्या कानात शेवटचं कधी सांगितलं, मला आठवत नाही. ते शेवटचं आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.