दोन हजार सत्तेचाळीस

सकाळी साताऱ्यात चहा घेताना पेपरात बातमी वाचली. आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली होती, कोट्यवधी अंकांची. दोनाचा प्रचंड घात, त्यातून एक वजा. चहा हातातच राहिला आणि आटपाडीच्या शाळेतला नववीचा वर्ग आठवला.

मी तिथं नवा गणित शिक्षक होतो. दोनाचा घातांक मूळ संख्या असेल, तर येणाऱ्या उत्तरातून एक वजा करून मूळ संख्याच मिळते, असं मी ठणकावून सांगितलं. तीन, सात, एकतीस, एकशे सत्तावीस असं फळ्यावर लिहीत गेलो. अकराव्या घाताला २०४७ आले, तशी मागच्या बाकावरची सुरेखा उभी राहिली.

"सर, ह्याला तेवीसनं भाग जातुय. म्या करून बघितलंय."

वर्ग हसला. माझे कान तापले. "मग तूच ये शिकवायला! बस खाली."

ती बसली. तेव्हा ती मला उद्धट वाटली. आता कळतं, त्या वर्गात खरं गणित करणारी ती एकटीच होती.

घरी जाऊन भागाकार केला. तेवीस गुणिले एकोणनव्वद, बाकी शून्य. उद्या वर्गात सांगायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ पुढचा धडा घेतला.

आठवड्यानं वह्या तपासायला आल्या. सुरेखानं आपला भागाकार रबरानं खोडला होता, तरी अंक पुसट दिसत होते. त्यावर नीट अक्षरात लिहिलं होतं, '२०४७ ही मूळ संख्या आहे.'

मी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि वही मिटली.