घटाचं पाणी आणि अक्काची गोळी

ओली काळी माती, समईचं जळतं तेल आणि नुकते उगवलेले गव्हाचे कोंब, या तिन्हींचा मिळून एक वास होतो. वर्षातले नऊच दिवस तो आमच्या घरात असतो, आणि नंतर कितीही आठवला तरी नाकाला सापडत नाही. घरातली माणसं उठायच्या आत मी देवघरात जाऊन बसते. समईच्या उजेडात पत्रावळीवरच्या मातीतून ती पाती वर आलेली असतात. हिरवी म्हणावीत तर हिरवी नाहीत, उन्हाचं तोंड न पाहिल्यामुळं हळदीच्या अंगाची, आणि तान्ह्या बाळाच्या जावळासारखी मऊ! तळहात हलकेच फिरवला तर गुदगुल्या होतात. एवढं वय झालं, पण ते पाहताना मला दरवेळी नवल वाटतं. या इवल्याशा जीवाला लागतं तरी काय? ना खत, ना ऊन, ना कुणाची राखण. रोज ओंजळभर पाणी, बस्स. पण रोज हं! त्या ‘रोज’ या शब्दात केवढं बळ आहे, हे मला फार उशिरा कळलं, आणि ते माझ्या थोरल्या जावेनं, अक्कानं, जवळजवळ जीव देऊन शिकवलं.

अक्का म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. माझं माहेर फलटणकडचं, उसाच्या राज्यातलं. तिथून तासगावजवळच्या या द्राक्षांच्या गावात मी नवरी होऊन आले तेव्हा मला वेलाची काडी आणि वाळली फांदी यातला फरक कळत नव्हता, आणि अक्षर तर मुळीच कळत नव्हतं. अक्काचा अशोक तेव्हा पहिलीत होता. त्याचं पुस्तक मी चोरून उघडून चित्रं बघत बसायची. एकदा अक्कानं पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर ती चुलीपुढून म्हणाली, “शालन, भाकरी मी थापते. तू त्येच्या म्होरं बस आन शीक. घरात एकीला तरी वाचता आलं पायजे, न्हाईतर ज्यो त्यो कागूद दावंल आन आमी आंगठं उठवत बसू.” त्या दिवसापासून अशोक शाळेतून आला की आम्ही दोघं एकाच पाटीवर गिरवायचो, आणि माझ्या वाटणीच्या भाकरी अक्का भाजायची. आज मी चार ओळी लिहिते ना, त्या ओळींखाली अक्काच्या भाकरींची ऊब आहे. ती स्वतः मात्र कधी शिकली नाही. म्हणायची, “तुझं डोळं हायत की मला.”

हे डोळे दोन वर्षांपूर्वी खऱ्या अर्थानं कामाला लागले. बेदाण्याच्या शेडकडं जाणारा आमचा चढ तो केवढासा, पण अक्का मध्येच थांबायला लागली. छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत होतं म्हणायची, आणि जरा टेकली की पुन्हा बरी. सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. रक्तदाब बराच वाढलेला निघाला, आणि कागदावर ‘अँजायना’ असा एक शब्द आला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो फार गोड समजावून सांगितला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या चिंचोळ्या झाल्या, की कष्टाच्या वेळी त्याला पुरेसं रक्त मिळत नाही, आणि मग ते कळवळतं. म्हणजे साऱ्या देहाला रक्त पुरवणारं हृदय स्वतःच उपाशी! घरादाराला वाढून शेवटी मोकळ्या दुरडीपाशी बसणाऱ्या बाईसारखं! मी अक्काकडं पाहिलं. ती छताच्या पंख्याकडं बघत होती.

गोळ्या मिळाल्या तीन. दोन सकाळच्या, एक रात्रीची. शिवाय जिभेखाली धरायची एक बारीकशी, दुखलं तरच घ्यायची. घरी आल्यावर मी चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचला: सकाळी जेवल्यावर, रात्री जेवल्यावर. अक्कानं ते एकदा ऐकलं आणि आरतीसारखं पाठ केलं. पुढं एक दिवस चुकली नाही. ताट सरकवलं की गोळी. मी निश्चिंत झाले. वाचून दाखवलं म्हणजे माझं काम झालं, असा माझा समज. वाचता येणाऱ्या माणसाचा हा केवढा मोठा अहंकार असतो, नाही?

मग गेल्या वर्षीचं नवरात्र आलं. आमच्याकडं नवरात्र आणि द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी एकमेकींच्या पदराला गाठ मारूनच येतात. बागेत कात्र्यांचा कचकच आवाज, छाटल्या काड्यांचे ढीग, मजुरांची मिनतवारी, आणि घरात घट. पुरुषमाणसं उजाडायला बागेत जायची ती दिवेलागणीला परतायची. अक्का लग्न होऊन आल्यापासून घटाला बसते. नऊ दिवस अन्न नाही, दोन वेळा कपभर दूध आणि एखादं केळं. मी मात्र पहिला आणि शेवटचा, असे दोनच उपास धरते. मलाही रक्तदाबाची एक गोळी आहे, ती सकाळी मी तोंड धुतलं की घेते. अक्का तिची घेत असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही. ते न विचारणं अजून मला सलतं.

सातवी माळ होती. तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ मी दोऱ्यात ओवत बसले होते आणि अक्का घटाला पाणी घालत होती. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज जरा जोरात झाला म्हणून मी वर पाहिलं. अक्का भिंतीला टेकलेली, कपाळावर घामाचे थेंब, आणि हात छातीवर. “काय होतंय?” म्हटलं तर म्हणाली, “काय न्हाई. तू माळ पुरी कर.” पण आवाज तिचा नव्हता. मी उठले, फडताळातून ती जिभेखालची गोळी काढली, आणि तिच्यापुढं धरली. तर या बाईनं तोंड घट्ट मिटून घेतलं!

“शालन, तोंडात काय घालू नगंस. घटाला बसलीया मी.”

आता सांगा, काय करावं? समोर माणूस पांढरंफटक पडत चाललंय, आणि ते मला उपासाचा नियम सांगतंय! जिभेला कुठून बळ आलं कोण जाणे. म्हटलं, “आवं अक्का, ही गिळायचीच न्हाई. नुस्ती जिभंखाली धरायची, तिथंच इरघळती. पोटात जायाची बात न्हाई, मग उपास कसा मोडंल?”

“खरं सांगतीस? कागदावर हाय तसं?”

“हाय की. मी वाचलंय.”

“आन देवी?”

“देवीचं मी बघते. आ करा.”

तिनं आ केला. गोळी मी जिभेखाली ठेवली आणि तिला तिथंच भिंतीशी नीट बसवलं. उठू दिलं नाही, कारण या गोळीनं दाब उतरतो, उभं राहिलं तर भोवळ येते, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणखी एक बजावलं होतं: पाच मिनिटांत थांबलं नाही तर वाट बघत बसू नका, मदत बोलवा. घड्याळाकडं बघत मी तिचा हात धरून बसले. तो पाच मिनिटांचा वेळ मी कधी विसरणार नाही. समई शांत जळत होती, घटातली पाती जरासुद्धा हलत नव्हती, आणि माझ्या मुठीत तो हात होता, ज्यानं माझ्या वाटणीच्या भाकरी थापल्या होत्या. पाच मिनिटं झाली. “कमी हाय का?” “वाईच. पर हाय.” मग मी एकशे आठच्या गाडीला फोन लावला, आणि दुसरा अशोकला, बागेत.

तो पायाच्या चिखलासकट धावत आला. “आये, लिंबूपाणी देऊ का?” म्हणाला, तर अक्का तशातही त्याच्यावर खेकसली, “चप्पल भायेर काढ आदी, घट बसल्यात.” तेव्हा मला जरा धीर आला. जी बाई चपलेवरून बोलते, ती एवढ्यात कुठं जात नाही!

सांगलीला पोचलो. तपासण्या झाल्या. झटका आला नव्हता, पण उंबऱ्यापर्यंत येऊन उभा होता म्हणे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मावशी, गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

“बंद कुटं? तुमीच म्हणलासा, जेवल्यावर घ्या. घटाला बसल्यापास्नं मी जेवलेच न्हाई. मग गोळी कशी घ्यायची?”

मी तर भिंतीला पाठ लावली. सात दिवस! कागद जसाच्या तसा पाळला होता तिनं, आणि तो कागद वाचला होता मी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची ओढून पलंगापाशी बसल्या, आणि म्हणाल्या, “मावशी, या गोळ्यांनी तुमचं हृदय सावकाश चालायला शिकलंय. एकाएकी सोडल्या, की ते कासरा सुटलेल्या बैलासारखं उधळतं. घटाला पाणी रोज घालता ना तुम्ही?”

“घालते की.”

“एखादा दिवस चुकलं, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट ओतता?”

“आवं न्हाई, कुजंल त्ये. त्या दिशी घालायचं तेवढंच घालायचं.”

“आणि आठ दिवस घातलंच नाही तर?”

अक्का हळूच म्हणाली, “मान टाकंल.” तेवढंच. पण तिच्या चेहऱ्यावर मला समजल्याचा उजेड दिसला. इतकी वर्षं मी तिला वाचून दाखवत आले, अर्थ सांगायचा राहूनच गेला होता. आणि खरा अर्थ तर तिला आधीच ठाऊक होता, फक्त तो तिच्या देवघरात होता, कागदावर नव्हता.

चार दिवसांनी घरी आलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. घट अशोकच्या बायकोनं उठवले होते.

तेव्हापासून मी एक शिकले. कुणी कागद पुढं केला, की नुसता वाचत नाही. विचारते, “जेवला नाहीत तर काय कराल? उपास आला तर? परगावी गेलात आणि पाकीट घरी राहिलं तर?” माणसं हसतात. म्हणतात, शालनकाकू लय चौकशा करती. करते! गेल्या महिन्यात शेजारच्या वच्छाताई अक्काची गोळी मागायला आल्या. अक्काला बरं वाटतंय, मग आपल्यालाही वाटेल, असा हिशेब. जशी विरजणाची वाटी मागावी तशी! अक्कानं ताकाचा गडू दिला आणि वर सुनावलं, “ही माझ्या नावाची हाय. तुजी तुज्या डागदराला इचार.” गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही तिनं आता सोडल्यात, त्यांनी दाब चढतो म्हणून. जिभेखालच्या गोळीचं पाकीट कधीचं आहे ते पाहून बदलायचं काम माझ्याकडं. आणि मीठ? ते सोडताना मात्र ती रडकुंडीला आली होती, मीठ-मिरचीच्या खर्ड्याशिवाय भाकरी म्हणजे तिला परदेश वाटतो.

मला कधीकधी वाटतं, भक्ती म्हणजे तरी काय? एकदाच काहीतरी मोठं करून दाखवणं, की लहानसं काही न चुकता करत राहणं? नऊ दिवस अन्नाला न शिवण्यात तेज आहे, मी नाही म्हणत नाही. पण कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी एवढीशी पांढरी गोळी, बरं वाटत असतानाही, कंटाळा आलेला असतानाही, रोज पाण्याच्या घोटाबरोबर घेणं, यात काही कमी निष्ठा आहे का?

यंदा पितृपक्षातच आम्ही सांगलीला जाऊन विचारून आलो. डॉक्टरीणबाईंनी कडक उपासाला नाही म्हटलं. दोन वेळा थोडी भगर, आणि गोळ्या एकही न चुकता. मला वाटलं, अक्का अडून बसेल. ती म्हणाली, “बरं. देवीला म्या सांगितलंय.” काय सांगितलं ते मी विचारलं नाही, तो त्यांच्या दोघींचा मामला.

आणि मग नऊ दिवस मी पाहिलं. पहाटे अक्का तांब्या घेऊन यायची. आधी घटाला पाणी. मग भगर चार घास, आणि त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी पेल्यात घेऊन स्वतःच्या गोळ्या. पुसायची बोटं पदराला, आणि पाकिटं ठेवायची फडताळात, जागच्या जागी. सातव्या माळेला मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले. तरवडाची माळ दोघींनी मिळून ओवली.

दसऱ्याला घट उठले. पाती वीतभर वाढली होती, पिवळी, तुकतुकीत, एकाही पात्यानं मान टाकली नव्हती. अक्कानं त्यांतली चार उपटून माझ्या अंबाड्यात खोचली, दरवर्षी खोचते तशी. मग कनवटीतून सकाळच्या एका गोळीचं पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. हे पाकीट तिनं पहिल्या माळेला उघडलं होतं. नऊ घरं रिकामी, एक भरलेलं.

“वाच,” म्हणाली.

त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तोवर अक्कानं दहाव्या घरावर अंगठा दाबला, गोळी हातावर घेतली, आणि म्हणाली, “पाणी आण.” मी उठले. ओल्या मातीचा तो वास अजून घरभर होता.